परदेशी पदवी आणि देशी वेठ

परदेशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेल्या मुलांसाठी आपल्या देशात वर्षातून दोनदा एक परीक्षा घेतली जाते. तिला एफएमजीई म्हणतात. पालकांच्या तोंडी ती ‘स्क्रीनिंग’ आहे. निकाल लागला की प्रस्थापित वृत्तपत्रांत एक ठरलेली बातमी छापून येते, ‘परदेशी डॉक्टरांपैकी बहुतांश नापास’. दहा जण बसले तर साधारण दोन-तीन पास होतात, हे खरेच आहे. पण बातमी तिथेच संपते. जे पास झाले ते पुढे कुठे अडकले, त्यांना वर्षभर कोणी राबवून घेतले, त्यांच्या हाती काय पडले आणि एम.डी., एम.एस.च्या जागेसाठी ते रांगेत कुठे उभे राहिले, याबद्दल एक ओळ नसते. आपल्या समाजातील ज्या घरांनी कर्ज काढून मुले बाहेर पाठवली, त्यांचा खरा प्रश्न मात्र या पास झालेल्या मुलांपासून सुरू होतो.

ही मुले बाहेर जातातच कशाला, असे विचारणारे कमी नाहीत. हिशेब साधा आहे. २०२५ च्या नीटला सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. त्यांतले १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या खासगी. आपल्याकडे शासनाच्या कॅप फेरीतून खासगी महाविद्यालयात जागा मिळाली तर अनुसूचित जातीच्या मुलाला शिष्यवृत्तीचा किंवा फ्रीशिपचा आधार असतो. पण त्या फेरीत दहा-वीस गुणांनी जागा हुकली की पुढचे दार अभिमत विद्यापीठाचे. तिथे आरक्षण नाही, फ्रीशिप नाही आणि अभ्यासक्रमाचा खर्च कोटीच्या घरात! संविधानाच्या अनुच्छेद १५(५) ने खासगी संस्थांतही आरक्षणाची तरतूद करण्याचा अधिकार सरकारला दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. तरीही सर्व खासगी आणि अभिमत संस्थांना लागू होईल असा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. मग पंचवीस-तीस लाखांत डॉक्टर होता येते म्हणून रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया दिसू लागते.

परदेशी शिष्यवृत्त्या आहेत की, असे कोणी म्हणेल. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतर वैद्यकीय पदवीला जाणाऱ्या मुलाला त्यांचा उपयोग शून्य. म्हणजे तो जातो तो बापाच्या भविष्य निर्वाह निधीवर, आईच्या दागिन्यांवर आणि बँकेच्या कर्जावर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे अठरा हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले बहुसंख्य वैद्यकीयचे. १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी तोफगोळ्याला बळी पडला. एका घरावर असा डोंगर कोसळलेला असताना दूरचित्रवाहिन्यांवरून आणि मोबाईलवरून एक सूर लावला गेला की, आरक्षणामुळे हुशार मुलांना देश सोडावा लागतो. वास्तविक आरक्षणाने एकही जागा कमी होत नाही. आहे त्या जागांची वाटणी होते. जागा कमी आहेत त्या सरकारने काढल्या नाहीत म्हणून, आणि ज्या निघाल्या त्यांतल्या निम्म्या विकायला काढल्या म्हणून. शिवाय त्या बंकरमध्ये अडकलेल्यांत आपली मुले नव्हती काय? आरक्षण असूनही ज्यांना इथे जागा मिळाली नाही, अशी अनुसूचित जातीची, ओबीसींची, मुसलमानांची मुलेही त्याच विमानांतून परत आली. त्यांच्या आडनावांची यादी कोणत्या वाहिनीने वाचून दाखवली?

आता स्क्रीनिंगबद्दल. आपल्या काही कार्यकर्त्यांना वाटते की ही परीक्षाच रद्द करावी. मला ते पटत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या ओपीडीत पहाटेपासून नंबर लावून बसणारी माणसे कोण आहेत? आपलीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्या डॉक्टरच्या हाताखाली पहिले बाळंतपण होते ते आपल्याच लेकी-सुनांचे. डॉक्टर कच्चा निघाला तर त्याची किंमत मलबार हिलवर मोजली जात नाही. इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्यात २००१ साली झालेल्या दुरुस्तीने ही परीक्षा आली. १५ मार्च २००२ नंतर नोंदणी मागणाऱ्यांना ती बंधनकारक झाली. २००२ आणि २००५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. तीनशेपैकी दीडशे गुण हवेत, सर्व प्रवर्गांना सारखेच. त्यात सवलत मागण्याचे कारण नाही, आणि आपण ती मागितलेलीही नाही.

पण चाळणी लावायची तर ती सर्वांना लावा! अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतून वैद्यकीय पदवी आणि वर पदव्युत्तर पदवीही घेतलेल्या, तिथे व्यवसायाची मान्यता मिळालेल्या डॉक्टरला ही परीक्षा माफ आहे. त्या देशांचे शिक्षण चांगले असेल, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे मूल पाठवणारा बाप कोण असतो, हेही सांगायला हवे. सूट देशाच्या नावाने आहे, फायदा मात्र वर्गाला होतो, आणि आपल्या देशात वर्ग म्हटला की जात फार लांब नसते. गुणवत्तेचे नाव घेऊन आपल्या मुलांना हिणवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा केंद्र सरकारने नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाईलवर आणली. शून्य! म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. त्या वेळी गुणवत्तेसाठी कोणी मेणबत्त्या पेटवल्याचे मला आठवत नाही.

स्क्रीनिंग पास झाल्यावर मुलगा डॉक्टर होतो का? नाही. त्याला भारतात बारा महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. नव्या नियमांखाली गेलेल्यांनी परदेशात एक इंटर्नशिप केलेलीच असते, ही दुसरी. त्यासाठी राज्याच्या वैद्यक परिषदेकडून जागा मिळावी लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ४ मार्च २०२२ च्या परिपत्रकाने ठरवले की, महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या जास्तीत जास्त साडेसात टक्के इतके परदेशी पदवीधर इंटर्न म्हणून अधिकचे घ्यावेत, त्यांच्याकडून इंटर्नशिपसाठी फी घेऊ नये आणि विद्यावेतन भारतीय पदवीधरांइतकेच द्यावे. शंभर जागांच्या महाविद्यालयात हे प्रमाण सात-आठ जणांचे होते. त्यामुळे परीक्षा पास होऊनही मुले महिनोन्महिने जागेची वाट पाहत घरी बसतात आणि बँकेचे व्याज चालू राहते.

विद्यावेतनाची कथा तर आणखी संतापजनक. परिपत्रक स्पष्ट असताना देशात अनेक ठिकाणी परदेशी पदवीधरांना ते दिले गेले नाही. एकाच वॉर्डात, एकाच रात्रपाळीत दोन इंटर्न. दोघेही रक्त काढतात, दोघेही सलाईन लावतात, दोघेही स्ट्रेचर ढकलतात. एकाच्या खात्यात पैसे जमा होतात, दुसऱ्याच्या होत नाहीत. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२४ साली न्यायालयाला सांगावे लागले की, विद्यावेतनाच्या बाबतीत परदेशी आणि भारतीय पदवीधर असा भेद करता येणार नाही. समान कामाला समान दाम एवढी साधी गोष्ट, तीही न्यायालयाकडून वदवून घ्यावी लागते!

युक्रेनहून आणि कोविडमुळे चीनहून परतलेल्यांची अवस्था याहून वाईट. ज्यांचे शेवटचे वर्ष ऑनलाईन गेले त्यांना प्रत्यक्ष रुग्णांवरचे शिक्षण कमी मिळाले, म्हणून आयोगाने जुलै २०२२ मध्ये त्यांना दोन वर्षांची इंटर्नशिप लावली. कारण समजण्यासारखे आहे. प्रशिक्षण राहिले असेल तर ते पूर्ण करून घ्यावे. परंतु मार्च २०२३ मध्ये, अभ्यासक्रम अर्धवट सोडून परतलेल्यांना एमबीबीएसच्या परीक्षेची एकच संधी देण्याची योजना केंद्राने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. तीत नंतरची दोन वर्षे इंटर्नशिप ठेवली आणि त्यातले पहिले वर्ष बिनपैशाचे.

बिनपैशाचे वर्षभराचे काम! वाचकहो, या शब्दांचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गावकीची कामे, सांगावा पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे आणि त्या बदल्यात बलुत्याचे चार दाणे, हे आपल्या आजा-पणजांनी भोगले. त्या वतनी वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे संविधानात अनुच्छेद २३ आला आणि वेठबिगारीला बंदी झाली. १९८२ च्या एशियाड मजूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करायला लागणे हीसुद्धा अनुच्छेद २३ च्या अर्थाने सक्तीची मजुरी आहे. इंटर्न हा विद्यार्थी आहे, मजूर नव्हे, असा युक्तिवाद समोरून येईल. तो येऊ द्या. वर्ष पूर्ण केल्याशिवाय कायमची नोंदणी नाही, नोंदणीशिवाय पोट नाही आणि त्या वर्षाचा मोबदला शून्य. यात संमती कुठे राहते? हा मुद्दा अनुच्छेद १४ इतकाच अनुच्छेद २३ खालीही न्यायालयापुढे मांडला जावा, असे माझे वकील म्हणून स्पष्ट मत आहे.

यापुढची पायरी निवासी डॉक्टरकीची, म्हणजे एम.डी., एम.एस.ची. इथे कायद्याचा एक पेच आहे आणि आपल्या फार थोड्या लोकांना तो ठाऊक आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यात जातात, निम्म्या राज्याकडे राहतात. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासाच्या आधारावर जागा राखून ठेवणे हा अनुच्छेद १४ चा भंग आहे. १९८४ च्या प्रदीप जैन निकालाचाच हा धागा. मात्र ‘संस्थेचे प्राधान्य’, म्हणजे ज्याने एमबीबीएस त्या राज्यातल्या महाविद्यालयांतून केले त्याला काही प्रमाणात प्राधान्य, हे न्यायालयाने कायम ठेवले.

आता लातूरचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. जन्म लातूरचा, शाळा लातूरची, जातीचा दाखला लातूरचा, पदवी मात्र बिश्केकची. रहिवास मोजायचा नाही आणि संस्था तर त्याच्याकडे नाहीच. म्हणजे राज्याच्या वाट्याच्या ज्या जागा संस्थेच्या प्राधान्याने भरल्या जातील, त्यांत आपल्याच राज्यात तो परका. राज्यातल्या जागांत अनुसूचित जातीसाठी १३ टक्के आरक्षण आहे, पण दारच बंद असेल तर आतल्या खुर्चीचा उपयोग काय? त्याला उरतो अखिल भारतीय कोटा. तिथे १५ टक्के आरक्षण आहे खरे, पण स्पर्धा देशभरातल्या अनुसूचित जातींच्या उमेदवारांशी. त्याशिवाय डीएनबीच्या जागा, आणि एम्ससारख्या संस्थांची स्वतंत्र परीक्षा.

न्यायालयाच्या तत्त्वाशी माझे भांडण नाही. ‘भूमिपुत्र’ हा शब्द उद्या कोणावर उलटेल हे आपण मुंबईत पाहिलेले आहे. पण संस्था म्हणजे काय, याचा अर्थ लावायला जागा आहे. ज्या मुलाने नागपूरच्या मेयोत किंवा मेडिकलमध्ये, संभाजीनगरच्या घाटीत किंवा पुण्याच्या ससूनमध्ये बारा महिने इंटर्नशिप केली, तिथल्या अधिष्ठात्यांच्या सहीचे प्रमाणपत्र घेतले, त्या राज्याच्या वैद्यक परिषदेत नोंदणी केली, त्याला त्या संस्थेचा विद्यार्थी का मानू नये? राबवून घेताना तो संस्थेचा आणि जागा देताना तो बाहेरचा, हा कुठला न्याय? आपल्या विद्यार्थी संघटनांनी आणि मार्डमधल्या आपल्या निवासी डॉक्टरांनी ही मागणी लेखी स्वरूपात वैद्यकीय शिक्षण विभागाकडे नेली पाहिजे. मोर्चा नंतर काढता येईल. आधी निवेदनावर आवक क्रमांक पडू द्या.

जागा मिळाली तरी वॉर्डात काय वाढून ठेवलेले असते, हे २२ मे २०१९ नंतर महाराष्ट्राला सांगायला नको. मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने जीवन संपवले. तीन वरिष्ठ निवासी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा खटला दाखल झाला. पायल इथलीच पदवीधर होती. परदेशातून आलेल्या आपल्या मुलावर दोन शिक्के बसतात. तो ‘कोट्यातला’ असतो आणि ‘रशियावाला’ही. पहिला शिक्का उच्चारला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, हे बोलणाऱ्याला माहीत असते. म्हणून आजकाल दुसऱ्या शिक्क्याच्या आडून पहिलाच मारला जातो. बाबासाहेब कोलंबियाची विद्या घेऊन १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही आणि शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फाईल फेकत. परदेशी पदवीने जात धुऊन निघत नाही, हा धडा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच लिहिला गेला. अशा मुलांनी रोज काय घडले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे, निरोप मोबाईलवर जपून ठेवावेत आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याखाली संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला फाईलमध्ये जन्म नसतो.

मुले अजून गेलेली नाहीत, अशा पालकांसाठी थोडे. माझ्याकडे एक निवृत्त एसटी वाहक आले होते. दोन एकर विकून मुलीला पाठवले. एजंटशी केलेला करार इंग्रजीत, सही मराठीत. त्यात ‘भारतात नोंदणीची जबाबदारी आमची नाही’ असे बारीक अक्षरांत एक कलम. तोंडी मात्र सांगितलेले, की तिकडून आली की लगेच सरकारी डॉक्टर! अशा प्रकरणांत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण त्यासाठी तोंडी आश्वासनाचा पुरावा लागतो. जाहिरातीचे कागद, पैसे भरल्याच्या पावत्या, मोबाईलवरचे निरोप, काहीही टाकून देऊ नका.

१८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी अटी कडक केल्या आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, माध्यम इंग्रजी हवे, बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी, सर्व काही दहा वर्षांच्या आत संपायला हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या देशात तिथल्या नागरिकाला मिळतो तसा व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. खरा खड्डा इथे आहे. काही देश परक्या विद्यार्थ्याला पदवी देतात, परवाना देत नाहीत. किंवा त्यासाठी त्यांच्या भाषेत परीक्षा मागतात. फिलिपिन्समध्ये आधी बी.एस. आणि मग चार वर्षांची एम.डी. अशी रचना होती. चार वर्षे म्हणजे ४८ महिने, आणि आयोगाने ते बी.एस. वैद्यकीय शिक्षणात धरले नाही. एजंट हे सांगत नाही. त्याला विचारा, की तुमच्या विद्यापीठातून शिकलेल्या किती भारतीयांना त्या देशाचा परवाना मिळाला, ते लेखी द्या. बहुतेक वेळा चहा येतो, लेखी येत नाही.

वयाचाही हिशेब मांडून पाहा. अठराव्या वर्षी गेलेले मूल सहा वर्षांनी परतते. स्क्रीनिंगची तयारी एक वर्ष, इंटर्नशिप एक वर्ष, नीट-पीजीला एक वर्ष आणि एम.डी.ची तीन वर्षे. सर्व काही पहिल्याच फटक्यात जमले तरी तिशी गाठते. एवढी वर्षे घर तग धरेल का, हे बापाने एकट्याने ठरवू नये. मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा तगादा लावणारे नातेवाईक स्क्रीनिंगच्या पहिल्या अपयशाची वाटच पाहत असतात.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला केंद्राच्या जागांसाठी चालत नाही. त्यात मूळ जात लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या आरक्षित जागांसाठी जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. समितीपुढे वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागतो आणि त्यात महिने जातात. मूल परदेशात शिकत असतानाच घरच्यांनी ही फाईल पूर्ण करून ठेवावी. नीट-पीजीचा निकाल लागल्यावर समुपदेशनाच्या पहिल्या फेरीला हातात दिवस मोजकेच उरतात, आणि वैधतेचा अर्ज तेव्हा टाकला तर तो त्या फेरीला उपयोगी पडत नाही.